डावी बाजू

बडोद्याला समुद्र नाही, ही माहिती लग्न होऊन आल्यापासून मला इतक्या जणांनी दिली आहे, की जणू मी तो शोधायलाच इथे आले होते. माझं माहेर बिलिमोऱ्याचं. गायकवाडांचं आरमार तिथे असायचं आणि आमच्या घराण्यातला कुणीतरी त्यात तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता, असं वडील सांगत. सासरचे सगळे गायकवाडांच्या घोडदळातले. त्यामुळे या घरात घोडा खरा आणि जहाज म्हणजे बिलिमोऱ्याच्या थापा, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. मला त्याचा राग यायचा, आणि आलेला राग गिळायची मला सवय नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि घरी जहाजं जोडते. प्लॅस्टिकची, खोक्यात सुटे भाग येतात ती. माझा लक्ष्मणमामा मालवाहू बोटीवर होता, तो सुट्टीवर येताना एखादं खोकं आणायचा. प्लॅस्टिकच्या चौकटीला लटकलेले बारीक बारीक भाग ब्लेडने कापायचे, कानशीने घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. डोलकाठीचे दोर करायचे तर चौकटीची उरलेली काडी ज्योतीवर धरायची आणि मऊ झाली की दोन्ही हातांनी ओढायची. केसाएवढी तार निघते. मी हे देवापुढच्या निरांजनावर करताना आमच्या थोरल्या जाऊबाईंनी, मंदाताईंनी, एकदा पाहिलं. संध्याकाळी मेणबत्त्यांचं पाकीट आणून माझ्या हातात ठेवलं.

मामाच्या खोक्यांत कधी कंपनीचं रंगीत पुस्तकही असायचं. त्याच्या शेवटच्या पानांवर लवकरच येणारी जहाजं छापलेली असत. इंग्रजांची, जपान्यांची, जर्मनांची, एकेका युद्धात बुडालेलीसुद्धा. आमचं एकही नाही. दर वर्षी मी ती पानं आधी उघडायची आणि दर वर्षी चरफडायची. मग बाजार उघडला, परदेशी माल येणार म्हणून सगळीकडे गाजावाजा झाला. मलाही वाटलं, आता येईल. मंगळबाजारच्या फुटपाथवर काय आलं, तर सकाळी घेतलं की संध्याकाळी मोडणारी चिनी खेळणी. त्या दिवशी मी घरी येऊन जाहीर केलं, की आपलं जहाज आपणच काढायचं. मराठ्यांची गुराब, पुढे लांब चोच असलेली, दोन डोलकाठ्यांची.

हे बोलायला माझ्याकडे जागा होती. माझे यजमान राजवर्धन आणि त्यांचे थोरले भाऊ प्रतापसिंहराव यांची गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीत शेड आहे. नंदेसरीच्या केमिकल कंपन्यांना ते बाटल्यांची झाकणं पुरवतात. मशीन प्लॅस्टिकचा दाणा वितळवून पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबतं आणि झाकणं पडतात. झाकण पडतं तर जहाज का पडणार नाही?

प्रतापसिंहरावांना आम्ही दादासाहेब म्हणतो. दोघा भावांची घरं जोड टेनामेंटमधली, मधली भिंत एकच. आमच्याकडे टीव्ही जरा मोठा झाला की पलीकडून टकटक होते, ते दादासाहेब. शेडमध्येही त्यांचा शब्द शेवटचा.

"मृदुलाबाई," ते म्हणाले, "डायचा खर्च तुमचा, मशीन रविवारचं. दिवाळीपर्यंत जहाज दुकानात दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर डाय भंगारात, आणि त्यानंतर माझ्या शेडमध्ये आरमार हा शब्द काढायचा नाही."

"दिसेल," मी म्हटलं.

गुराबीची एक बाजू मी सागाच्या लाकडात कोरली. फळीन् फळी, तोफांच्या खिडक्या, चोचीवरचं नक्षीकाम. दुसरी बाजू तिचीच आरशातली प्रतिमा, हे मी कागदावर काढून दिलं. मांडवीच्या रसिकभाईंच्या खेळण्यांच्या दुकानात मी स्वतः रंगवलेली पाटी लावली: लवकरच येत आहे, मराठ्यांची गुराब. पाटी तिथे इतकी टिकली की तिचा रंग उडाला. भाजी घ्यायला गेलं तरी कुणी ना कुणी विचारायचं, "केम बेन, वहाण आव्युं?" वहाण म्हणजे गुजरातीत जहाज. मी म्हणायची, "आवे छे." विचारणारा हसायचा आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची.

लाकडाचा नमुना राजवर्धन सुभानरावांकडे घेऊन गेले. सुभानराव आमच्या शेडपासून जवळच डाय बनवतात, आमच्या झाकणांच्या सगळ्या डाय त्यांच्याच. मी शाळेच्या परीक्षांत अडकले होते, आणि राजवर्धन म्हणाले, "अगं, हे माझं रोजचं काम आहे." ते खरंच होतं. घात झाला तो तिथेच.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी पहिला माल काढला. मशीन उघडलं आणि खालच्या पाटीत दोन तुकडे पडले, करडे, गरम. थांबा थांबा म्हणेपर्यंत मी ते उघड्या हाताने उचलले. फळ्यांच्या रेघा, तोफांच्या खिडक्या, चोच, सगळं मी कोरलं होतं तसंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलंही नाही. मग मी दोन्ही तुकडे एकमेकांना भिडवले. एकाची चोच दुसऱ्याच्या पाठीमागच्या टोकाला लागली. एक फिरवला, तर चोची जुळल्या पण फळ्या आतल्या अंगाला गेल्या. पुन्हा फिरवला. दोन डावे बूट हातात घेऊन जोडी जमवत बसावं तसं माझं चाललं होतं.

"अहो," मी म्हटलं, "या दोन्ही डाव्या आहेत."

राजवर्धनांचा चेहरा उतरला. "सुभानरावांनी विचारलं होतं, दोन्ही सारख्याच का म्हणून. मी म्हटलं, हो, सारख्याच. नेहमी सारख्याच असतात."

नेहमी म्हणजे झाकणांच्या. झाकणाला डावं-उजवं नसतं. जन्मभर झाकणं काढलेल्या माणसाने माझा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि एकाच जहाजाच्या दोन डाव्या बाजू करून आणल्या. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही; शेजारच्या शेडमधल्या लोकांना हवं तर विचारा. बोलून झाल्यावर मला त्यांची दयाही आली, पण ती मी दाखवली नाही. पोलादात कोरलेलं खोडरबराने पुसता येत नाही. नवी डाय म्हणजे नवं पोलाद, आणि दिवाळी तोंडावर.

एवढ्यात दादासाहेब आले. त्यांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन जोडून पाहिले आणि खो खो हसले. इतके हसले की त्यांना खोकला लागला.

"वा! एक अर्धं पुढे चाललंय, एक मागे. आता कळलं, बिलिमोऱ्याचं आरमार बडोद्यापर्यंत का पोचलं नाही ते."

कुणीच हसलं नाही, तेव्हा ते आणखी चढले. शेडच्या भिंतीवर झाकणवाल्या कंपनीचं कॅलेंडर होतं. ते त्यांनी काढलं, एका तुकड्याची तोफेची खिडकी त्या खिळ्यात अडकवली आणि दोन पावलं मागे सरले. "घ्या. लावून ठेवा आठवण म्हणून. बाकी सगळं उद्या भंगारात."

मी भिंतीकडे पाहिलं. जहाजाचा सपाट, पोकळ भाग भिंतीला टेकला होता आणि तो दिसत नव्हता. दिसत होती ती फुगीर डावी बाजू, फळ्या, खिडक्या, पुढे काढलेली चोच. भिंतीतून एक अख्खी गुराब बाहेर येऊन डावीकडे चालली होती. तिला काही कमी होतं असं कुणीही म्हटलं नसतं. मघाचा राग कुठच्या कुठे गेला आणि मला इतका आनंद झाला की मी दादासाहेबांच्या पाया पडायची तेवढी राहिले.

"दादासाहेब, तिला हात लावू नका," मी म्हटलं. "जहाज तयार आहे."

"अर्धं!"

"भिंतीवरचं जहाज एवढंच असतं. घोड्यावर बसलेल्या पूर्वजांचं चित्र आहे ना तुमच्या बैठकीत? त्या घोड्याची उजवी बाजू कुणी पाहिलीय? तरी रोज हार घालताच ना?"

मला थांबायचं नव्हतं. "दिवाळीपर्यंत जहाज दुकानात दिसलं पाहिजे, हे तुमचे शब्द. दोन्ही बाजूंनी दिसलं पाहिजे असं तुम्ही म्हटलं नव्हतं. मशीन चालू करा हो, पाहताय काय!" शेवटचं वाक्य राजवर्धनांना होतं. त्यांनी मशीन चालू केलं.

डोलकाठ्या, शिडं आणि तोफा दुसऱ्या डायमधल्या होत्या, त्या बिनचूक निघाल्या. डेक मी मुळातच मधोमध कापून दोन पट्ट्यांत काढला होता. डावी पट्टी डाव्या बाजूला चपखल बसली. उजव्या पट्ट्या उरायला लागल्या. राजवर्धन म्हणाले, दळून पुन्हा दाणा करू. मी म्हटलं, एकही दळायची नाही. त्या मी पोत्यात भरल्या, पोत्याचं तोंड शिवलं आणि शेडच्या कोपऱ्यात ठेवून दिलं. दादासाहेब येता-जाता त्या पोत्याला ठेचकाळायचे. हलवलं मात्र नाही.

रसिकभाईंनी खोकं उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बेन, आ तो अडधुं छे! अडधुं वहाण कोण लेशे?" मी त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच हिशेबाच्या टेबलामागे खिळा ठोकून एक जोडलेली, रंगवलेली गुराब लावली. "ज्याच्या घरात भिंत आहे तो घेईल," मी म्हटलं. "आणि कुणी विचारलं की बाकीचं कुठंय, तर सांगा, भिंतीत आहे."

पहिलं खोकं रिफायनरीच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या एका बाईंनी नेलं. त्यांच्या मिस्टरांना जहाजांचं वेड, पण घरात काचेचं कपाट ठेवायला जागा नाही. भिंती मात्र होत्या. त्यांनी सांगितलं म्हणून शेजारच्यांनी नेलं. त्यानंतर वाडी भागातल्या एका तालमीच्या लोकांनी नेलं, ते तर घोडदळवाल्यांचेच वंशज. दिवाळीत रसिकभाईंनी माणूस पाठवून आणखी खोकी मागवली आणि निरोपात विचारलं, बीजी बाजू क्यारे, दुसरी बाजू कधी? मी तो निरोप दादासाहेबांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. गरज नव्हती, पण दाखवला.

पाडव्याच्या सकाळी मी घरच्या मधल्या भिंतीवर माझी स्वतःची गुराब लावायला घेतली. पहिला घाव घातला तशी पलीकडून टकटक झाली. मी दुसरा जोरात घातला. टकटक पुन्हा झाली. मी खिळा पूर्ण ठोकूनच थांबले.

थोड्या वेळाने दादासाहेब स्वतः आले. हात मागे बांधून गुराबीसमोर उभे राहिले. रंग पाहिला, दोर पाहिले. "हे दोर कसले?"

"मंदाताईंच्या मेणबत्तीवर ओढलेले."

"हं," ते म्हणाले. मग घसा साफ केला. "मंदा म्हणत होती, आमच्याही बाजूला एक असावं."

किती दिवस मी या वाक्याची वाट पाहत होते, ते मलाच माहीत. तरी मी म्हटलं, "नाही."

"नाही म्हणजे? दुकानात कुणालाही देता, घरच्याला नाही?"

"दादासाहेब, माझ्या जहाजाचं तोंड बघा. दक्षिणेला. ते बिलिमोऱ्याला चाललंय. तुमच्या बाजूने भिंतीवर डावी लावली तर तिचं तोंड उत्तरेला जाईल, अहमदाबादला. तिथेही समुद्र नाही. एकाच भिंतीतून दोन जहाजं दोन दिशांना गेलेली मला चालणार नाहीत. तुमच्या बाजूला उजवीच लागेल."

"उजवी आहे कुठे?"

"लवकरच येत आहे," मी म्हटलं.

दादासाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा राजवर्धनांकडे. राजवर्धन पेपरात डोकं घालून बसले होते आणि त्यांचे खांदे हसण्याने हलत होते. दादासाहेब निघून गेले. मला वाटलं, मोडलं आता सगळं.

पण भाऊबीज झाल्यावर शेड उघडली, तेव्हा शाम्पूच्या झाकणांच्या नव्या डायसाठी आणून ठेवलेलं पोलाद जागेवर नव्हतं. ते दादासाहेबांनी सकाळीच टेम्पोत घालून सुभानरावांकडे नेलं होतं. सोबत माझा आरशातल्या बाजूचा कागदही नेला होता, राजवर्धनांकडून मागून घेऊन. सुभानरावांना त्यांनी काय सांगितलं ते मला सुभानरावांनीच नंतर सांगितलं: "सारखी नको. उलटी हवी. नाहीतर आमच्या मृदुलाबाई आपल्या दोघांनाही भंगारात काढतील."

मी त्याच दुपारी मांडवीला गेले आणि रसिकभाईंच्या दुकानातली रंग उडालेली पाटी उतरवून नव्याने रंगवली: लवकरच येत आहे, उजवी बाजू.

त्या रविवारी आमचा टीव्ही बंद होता, तरी पलीकडून टकटक झाली. मी उत्तर दिलं नाही. परत टकटक, जरा बाजूला. मग भिंतीतून दादासाहेबांचा आवाज आला. "मृदुलाबाई, खिळा ठोकून ठेवतो म्हणतो. तुमचं जहाज नेमकं कुठे येतं? इथे?"

मी गुराबीशेजारी भिंतीला कान लावला आणि त्यांच्या बोटाचा आवाज ऐकला.

"जरा वर, दादासाहेब," मी ओरडून सांगितलं. "आणि तोंड दक्षिणेकडे."