तिरपेकाकांची भट्टी

मातीकामाच्या त्या सार्वजनिक कार्यशाळेत त्यांना सगळे तिरपेकाका म्हणत. खरं नाव कुणी विचारलंच नव्हतं. चाकावर त्यांनी काहीही घडवायला घेतलं की ते एका अंगाला कलायचं. वाटी असो, पेला असो, कशाचीच त्यातून सुटका नव्हती. उभा जन्म चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नजरा सुधारण्यात गेला, आणि आता हे असं. शिकवणाऱ्या ताई वयाने त्यांच्या मुलीसारख्या, पण जिभेला हाड नाही. "काका, हा पेला कुणाच्या चहाड्या ऐकायला वाकलाय?" असं भरवर्गात विचारायच्या आणि तो चिखलाच्या बादलीत परत टाकायला लावायच्या. वर्गात शिकायला येणारा बसचा ड्रायव्हर खो खो हसायचा, शेजारच्या चाकावरच्या नर्सबाई तोंडाला मातीचाच हात लावून हसायच्या, आणि सगळ्यांत जास्त हसायचे ते काका.

बायको गेल्यापासून त्यांना रागवणारं कुणी उरलं नव्हतं. मुलगा परगावी. फोनवर तब्येत विचारायचा आणि ठेवून द्यायचा. घर खायला उठायचं. वर्गाच्या संध्याकाळी मात्र "अहो, आधी हात ओले करा!" म्हणून कुणीतरी ओरडायचं, आणि तेवढ्यावर काकांचा आठवडा निघायचा.

कार्यशाळेची भट्टी म्हातारी झाली होती. मनात येईल तेव्हा तापायची, नाहीतर रुसून बसायची. निम्मी भांडी तडकून बाहेर पडायची. ड्रायव्हरने लेकीसाठी केलेलं ताट दुसऱ्यांदा तडकलं, तेव्हा तो बडबड्या माणूस कोपऱ्यात गप्प बसून राहिला, आणि काकांना ते बघवेना. दुकान विकल्याचे पैसे बँकेत नुसते पडून होते. त्यांनी ताईंना बाजूला घेऊन सांगितलं, नवी भट्टी घ्या, फक्त माझं नाव कुठे येऊ देऊ नका. ताईंनी मान डोलावली. पण अशी गोष्ट पोटात राहते थोडीच! चार दिवसांत सगळ्यांना ठाऊक.

भट्टी आली आणि कार्यशाळेचा खरोखर कायापालट झाला. भांडी अखंड निघू लागली. ड्रायव्हरच्या लेकीला तिचं ताट मिळालं. शाळेतल्या मुलांचा वेगळा वर्ग सुरू झाला, नवे लोक नाव घालायला येऊ लागले. यात खोट काढायला जागा नव्हती, आणि काकांनीही ती कधी काढली नाही.

फक्त ते 'सर' झाले. माती मळायला गेले की कुणीतरी हातातला गोळा काढून घ्यायचं. बाकी सगळे स्टुलावर, त्यांच्यासाठी पाठ असलेली खुर्ची. त्यांचा पेला नेहमीसारखा कलला, तेव्हा ते मोठ्या आशेने वाट बघत राहिले. ताईंनी तो हातात घेऊन फिरवला, म्हणाल्या, छान आहे, वेगळाच आकार आलाय, आणि दर्शनी फळीवर नेऊन ठेवला. इतका अपमान त्यांचा आयुष्यात कुणी केला नव्हता.

मग एक दिवस छप्पर गळलं. नर्सबाईंनी वाळत ठेवलेल्या कच्च्या वाट्यांवर पाणी पडलं आणि त्यांचा पुन्हा चिखल झाला. कामाच्या पाळ्या सांभाळून, महिनाभर खपून केलेल्या वाट्या. बाईंना रडू आवरेना. सगळे भोवती जमले. ड्रायव्हर म्हणाला, ह्याचं सूप करून वॉर्डात वाटून टाका, तसं बाईंना रडता रडता हसू फुटलं आणि बाकीचेही हसले. काकांनाही काहीतरी सुचलं होतं. ते खुर्चीतून उठून तिकडे गेले. त्यांना पाहताच घोळका बाजूला झाला, बाईंनी घाईघाईने डोळे पुसले.

"काही नाही, सर. तुम्ही कशाला उठलात?"

हसणं तिथल्या तिथे थांबलं. काकांना सुचलेलं तोंडातच राहिलं.

सगळे गेल्यावर ते ताईंपाशी रेंगाळले. "ताई," ते म्हणाले, "मला पूर्वीसारखं रागवत जा हो."

ताई एरवी कुणाचं ऐकून घ्यायच्या नाहीत, पण आता त्या हातावरची वाळलेली माती खरवडत म्हणाल्या, "रोज ठरवते, काका, की आज बोलायचंच. मग वर बघते. छप्पर कधीपासून करायचंय, आणि मागायला तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही मला. ज्याच्यापुढे हात पसरायचा, त्याला रागवू कशी?"

ताई खरं बोलल्या म्हणून त्यांना बरं वाटलं, आणि खरं होतं म्हणूनच वाईटही वाटलं. नाही म्हणणं सोपं होतं. भट्टीची नवलाई हळूहळू ओसरली असती, लोक विसरले असते, पुन्हा कुणीतरी ओरडलं असतं. छप्पर दिलं की मात्र ते जन्माचे सर. ओल्या फळीवर नर्सबाईंच्या वाट्यांचे नुसते गोल डाग उरले होते. काकांनी त्यांतल्या एका डागावरून बोट फिरवलं.

"करून घ्या छप्पर," ते म्हणाले.

छप्पर झालं, चांगलं भक्कम झालं. त्याखालच्या पहिल्या वर्गाला काका मुद्दाम उशिरा, मागच्या दाराने गेले. तरी कुणाची तरी नजर पडलीच. एकेक करत सगळे उठून उभे राहिले, मातीचे हात अंगापासून लांब धरून. काका बसा बसा म्हणत राहिले, कुणी बसेना. चाकं नुसतीच फिरत होती आणि त्यांवरची अर्धी घडलेली भांडी डुगडुगायला लागली होती. तेव्हा काका लगबगीने जाऊन आपल्या खुर्चीत बसले, म्हणजे बाकीच्यांना कामाला लागता येईल.