मोहटोल्याच्या वळणावरचा भोंगा

पोंऽऽ! दचकलात ना? दचकायलाच हवं. माणूस, बैल, चितळ आणि रस्त्यात झोपलेलं कुत्रं, सगळ्यांना एका दमात दचकवणं हाच माझा धंदा होता. मी भोंगा बोलतोय. चांद्याहून गोंडपिपरीला उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा पितळी भोंगा. आता मोटारीवर नाही, एका कुडाच्या भिंतीला खुंटीवर टांगलेला आहे. पण माझी कीव करू नका, मजेत आहे मी.

जन्माचं फार सांगत नाही. कुठल्याशा कारखान्यात पितळ तापलं, ठोकलं, वाकवलं आणि मी झालो. घशात एक पातळ पत्ती बसवली, मागं पपईएवढा रबरी फुगा लावला, आणि गवतात गुंडाळून पेटीत घातलं. पेटी उघडली ती थेट चांद्याला, मोटारमालक बापूजींच्या अंगणात. त्यांनी फुगा दाबला मात्र, अंगणातल्या साऱ्या कोंबड्या कौलांवर!

"वा रे वा!" बापूजी खूश झाले. "याचा आवाज बल्लारशाले ऐकू जाते."

मला ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, खिडकीबाहेर बसवलं. ड्रायव्हर होता नानाजी. त्यानं कित्येक वर्षं तीच मोटार धुतली होती, तिचं हँडल मारलं होतं, टपावर पोती चढवली होती. जुन्या ड्रायव्हरची नजर अधू झाली तेव्हा कुठं स्टेरिंग त्याच्या हातात आलं. त्या दिवशी त्यानं आईला पहिल्या सीटवर बसवून सगळं चांदा फिरवलं. म्हातारीनं उतरताना लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मोटारीला वाकून नमस्कार केला. मी तेव्हा एवढा फुगलो होतो की विचारू नका. तो नमस्कार मलाच आहे, असं मी धरून चाललो.

रस्ता मुरमाचा, दोन्हीकडं जंगल. मला वाटे, मी ओरडलो की जंगलानं बाजूला व्हायचं. जंगलाला हे कुणी सांगितलंच नव्हतं! रानडुकरं खाली मान घालून आडवी जात. तितर पार चाकाजवळ येईपर्यंत दबा धरून बसत आणि मग भर्रकन नानाजीच्या तोंडासमोरून उडत. कलत्या उन्हात रातवे म्हणून पक्षी रस्त्याच्या ऊनऊन धुळीत पोट टेकून बसत, ते मातीचेच वाटत. आणि चितळं! एक चितळ रस्ता ओलांडून गेलं की नवशिक्याला वाटतं, झालं, सुटलो. त्याच्या मागचा कळप तेवढ्यात निघायचा असतो. नानाजी हे लवकर शिकला. पहिलं चितळ गेलं की तो मोटार थांबवून बिडी काढायचा.

तरी व्हायचं ते झालंच. एक दिवस झाडावरून मोर उडाला. मोर म्हणजे जड गडी, त्याला लवकर उंच जाता येत नाही. समोरच्या काचेवर धाडकन आदळला. काच गेली. मोर मात्र उठला, पिसं झटकली आणि लंगडत झुडपात शिरला. नानाजीला काचेपेक्षा त्या लंगडण्याचंच वाईट वाटलं. "काऊन गा, तुले दुसरी वाट नाई का?" तो झुडपाकडं बघून कितीदा तरी म्हणाला.

पुढं तुरीच्या शेतातून एक रोही, म्हणजे नीलगाय, उसळली आणि मोटारीचा डावा दिवा घेऊन गेली.

बापूजींच्या रागाला मग पारावार राहिला नाही. "मोर आला, रोही आली! उद्या वाघ आला मनशील! पाह्य नानाजी, आता मोटार फुटून आली तं स्टेरिंग सोडाचं अन् बादली धराची. समजलं?"

नानाजी मान खाली घालून हो म्हणाला. घरी आईपासून त्यानं हे लपवलं. दुसऱ्या दिवसापासून त्याचा हात माझ्या फुग्यावरून निघेना. दर वळणाला पों, दर पुलाला पों. माझा घसा बसायची पाळी आली, पण मी कुरकुर केली नाही. गड्याचा जीव स्टेरिंगात अडकला होता, आणि माझा गड्यात.

वाटेत मोहटोला नावाचं गोंडांचं लहानसं गाव लागे. तिथली बुधरीबाई म्हणजे एक अजब बाई. मोहाचा बहर सुरू झाला की तिला दुसरं काही सुचत नसे. पहाटे टोपली घेऊन मोहाच्या झाडाखाली, आणि वेचलेली फुलं वाळवायला कुठं, तर गावाबाहेरच्या वळणावर, भर रस्त्यात! सडक झाडून स्वच्छ करायची आणि फुलं पसरायची.

"बाई, हा मोटारीचा रस्ता हाय," नानाजी पहिल्या दिवशी म्हणाला.

"असू दे ना भाऊ. जमीन कशी कडक हाय पाह्य! अंगणात चार दिस लागते, इथी दोन दिसात वाळते. तुही मोटार काई रोज दहादा येते?"

नानाजीला नाही म्हणता येईना. "वाळव बाई, मी बाजूनं काढतो," म्हणाला, आणि खरंच एक चाक गवतात घालून मोटार काढू लागला. मग काय, सगळ्या गावच्या बाया तिथंच मोहा पसरू लागल्या. संध्याकाळी फुलं टोपल्यांत भरून नेत, पण मुरमात अडकलेली राहत आणि तो गोड वास तर सगळ्या रानात पसरे. मोहाचा वास जनावरांना कळतो, हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी रस्ता म्हणजे सरकारी, त्याचा आणि रानाचा काय संबंध, असं सगळ्यांनी धरलेलं. हळूहळू त्या वळणावर चितळं, डुकरं, लंगडा मोर, सगळ्यांची पंगत बसू लागली. नानाजी म्हणे, "यंदा जनावरं फार वाढले." त्याचा स्वतःचाच चांगुलपणा त्यांना बोलावून आणत होता, हे त्याच्या ध्यानातच येईना!

त्याच गावात डोमाभाऊ होता, बुधरीबाईचा थोरला भाऊ. पंचक्रोशीतल्या लग्नांत शिंगाची तुतारी वाजवायचा. गेल्या पावसाळ्यात ती तडकली आणि म्हातारा जणू मुकाच झाला. मोटार थांबली की तो माझ्यापाशी येऊन उभा राही.

"नानाभाऊ, याचा गळा लय चांगला हाय गा. पण तू याचं पोट दाबून याले बोलवून राह्यला. याले फुकाले पायजे."

मला असा राग आला! फुंकायला मी काय चुलीपुढची फुंकणी आहे?

मग बुधरीबाईच्या मंगलीचं लग्न निघालं. त्यांच्यात नवरीलाच वाजतगाजत नवऱ्याच्या गावी नेतात. वऱ्हाड सकाळी चांद्याकडं जाणाऱ्या आमच्या मोटारीनं निघणार होतं. ढोल, पोती, म्हातारी माणसं, सगळं टपावर आणि आत कोंबलं. मंगली हळदीच्या लुगड्यात खिडकीशी बसली होती, पण तोंड उतरलेलं. "मामाची तुतारी नाई तं कायचं लगन," एवढंच ती म्हणत होती. डोमा तिच्याकडं बघायचंच टाळत होता.

निघण्याआधी बुधरीबाईनं मोटारीची पूजा केली. चाकाला हळद लावली, मोहाच्या दारूचे चार थेंब जमिनीवर सांडले, आणि मानाची म्हणून मोहाच्या ताज्या फुलांची माळ घातली कुणाला? मला! रबरी फुग्याला दोन वेढे देऊन. उभ्या जन्मात मला कुणी माळ घातली नव्हती. मी असा काही ऐटीत होतो की समोरच्या झाडावरचं वांदर मला दिसलंच नाही.

मंडळी पाया पडण्यात गुंतली होती. वांदरानं टुणकन बोनेटवर उडी मारली, माळ ओढली, माळेबरोबर फुगाही चावला, फाडला आणि तो तुकडा घेऊन पुन्हा झाडावर! नानाजी धावला. दगड मारले, हातापाया पडला, पण वांदर वरून फुलं खात राहिलं.

"जाऊ दे भाऊ, मुहूर्त टळते," मंडळी म्हणाली. नानाजीनं कपाळावरचा घाम पुसला आणि मुकी मोटार हाकली.

गाव सुटलं आणि वळण आलं. त्याचा हात सवयीनं माझ्यावर पडला. फस्स! तेवढ्यात समोर पाहतो तर रस्त्याच्या मधोमध अस्वल. पाठीवर दोन पिलं आणि खाली मान घालून मुरमातली फुलं चाटतंय. नानाजीनं ब्रेक दाबला, मोटार धक्के खात थांबली आणि इंजिन बंद पडलं.

आता मेख बघा. इंजिन चालू करायचं हँडल असतं पुढं, आणि पुढं होतं अस्वल.

अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं आणि उरल्या एका चांगल्या दिव्याकडं रोखून बघू लागलं. "गेला दिवा," नानाजी पुटपुटला. "गेलं माहं स्टेरिंग."

"माह्याच मोहा खाऊन राह्यली ना थे!" बुधरीबाई तशातही चिडून कुजबुजली. मग तिनं तोंडावर हात धरला. "अगं माय! आमीच तं पसरवलं इथी."

ढोल टपावर, पोत्यांखाली. नानाजीनं दारावर हात आपटला तर अस्वल आणखी दोन पावलं पुढं आलं. तेव्हा डोमा नानाजीच्या मागून वाकला. खिडकीतून हात घालून त्यानं मला कडीतून सोडवलं, फाटका रबर उपटून टाकला आणि माझ्या मानेला ओठ लावले.

काय सांगू तुम्हाला! फुग्यातल्या वाऱ्यानं मी आजवर नुसता खेकसत आलो होतो. म्हाताऱ्याच्या छातीतला वारा माझ्या घशातून गेला आणि मी गायलो. पोंऽऽपोंऽऽऊऽऽ! आवाज लांबत गेला, चढत गेला, डोंगराला लागून परत आला. इतकं मोठं काही माझ्यात होतं, हे मलाच माहीत नव्हतं. रडूच आलं असतं, पण पितळेला ती सोय नाही.

अस्वलानं कान टवकारले. खाली बसलं, पिलं पाठीवर सावरली आणि लगबगीनं रानात शिरलं. मोटारीत एकच गिल्ला झाला. मंगली रडता रडता हसत होती. "मामा, अजून वाजव!" डोमानं अजून वाजवलं, आणि झुडपातून लंगडत लंगडत बाहेर आला आमचा मोर! त्याला वाटलं असावं, कोण हा नवा गडी आपल्या हद्दीत? मोटारीपुढं पिसारा फुलवून जो उभा राहिला तो हलेना.

"होऊ दे बापा तुहं," नानाजी हँडल हातात धरून म्हणाला. "मी थांबतो. तुह्या पायाचं देणं माह्याकडं बाकी हाय."

नानाजीनं मला डोमाच्याच हाती ठेवलं, आणि लग्नात मी चार दिवस वाजलो. त्या चार दिवसांत नानाजीचं मात्र काय झालं, ते मला मागून कळलं. दिवा शाबूत, काच शाबूत, तरी बापूजींची नजर रिकाम्या कडीवर गेली. "भोंगा कुठी?" नानाजीनं खरं ते सांगितलं. वांदर, अस्वल, लग्न! कोण विश्वास ठेवणार? "भोंगा गेला मंजे मोटार फुटलीच! धर बादली." स्टेरिंगवर बापूजी स्वतः बसले. नानाजी मागच्या सीटवर, बादली मांडीवर घेऊन.

इकडं मोहटोल्यात वऱ्हाड परतल्याबरोबर बुधरीबाईनं बायांना घेऊन ते वळण झाडून काढलं. मोहा गेला अंगणात. पण वास एका दिवसात जातो थोडाच? जनावरं येतच राहिली. म्हणून मोटारीच्या वेळेला डोमा मला घेऊन वळणावर उभा राहू लागला.

बापूजींची मोटार आली ती भरधाव, कलत्या उन्हात. डोमानं जीव खाऊन मला फुंकलं.

"मालक, थांबा!" मागून नानाजी ओरडला. "डोमाभाऊ काई सांगून राह्यला!"

बापूजींनी ब्रेक दाबला. एक चितळ टुणकन रस्ता ओलांडून गेलं. "हात्तिच्या! एक चितळ!" म्हणत त्यांनी गिअर टाकला.

"नाई मालक. आत्ता नाई. मागं कळप हाय."

आणि कळप आला. माद्या, पाडसं, शिंगाळे नर, नुसता लोंढा! मोटारीच्या नाकाला घासून गेले सगळे. धूळ खाली बसली. बापूजी उतरले, मागं गेले, नानाजीच्या मांडीवरची बादली उचलली आणि म्हणाले, "जाय, बस समोर. मले या रस्त्याचं काई समजत नाई."

नानाजी उठेचना. बसल्या जागी ओंजळीत तोंड घालून हुंदके देत होता, वेडा.

डोमानं मला लुगड्याच्या फडक्यानं पुसून पुढं केलं. "जोहार मालक. हा तुमचा भोंगा." बापूजींनी मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, एकदा फुंकूनही पाहिलं. माझ्यातून बारीकसं कें निघालं आणि सगळे हसले. "ठेव तुह्यापाशीच," ते म्हणाले. "पोरीच्या लग्नातला आहेर समज. आहेर वापस घेत नसते."

तेव्हापासून मी डोमाच्या खुंटीवर आहे. मोटारीला आता विजेचा हॉर्न आहे, पोरगेलासा, किरटा. वास विरला तशी वळणावरची पंगतही पांगली, पण चितळं अजून येतात, रातवे धुळीत बसतात. बाबांनो, इकडं आलात तर सावकाश या, आणि खिडकीतून खाण्याचं काही रस्त्यावर टाकू नका. तुमच्यामागून येणारी मोटार कुणाच्या तरी लेकाची असते.

आजही नानाजीची मोटार यायची वेळ झाली. डोमानं मला खुंटीवरून काढलंय. पूर्वी मी जनावरांना सांगायचो, बाजूला व्हा, मोटार येतेय. आता मी मोटारीला सांगतो. लंगडा मोर वळणावर येऊन उभा आहे, आणि नानाजीची म्हातारी आई आज पहिल्या सीटवर आहे म्हणे. थांबा हं जरा, डोमानं दम भरला.

पोंऽऽपोंऽऽऊऽऽ! हळू ये रे नानाजी, हळू ये.