ठशावरचं घमेलं

"मग मामा, हे डायनासोर झुंडीनं शिकार करायचे का न्हाई?" सत्यशीलानं पुस्तकातून मान वर काढली. ही सून शाळेत विज्ञान शिकवी आणि उद्याचा धडा आधी सासऱ्याला ऐकवी. जनावरांतलं त्यालाच जास्त कळतं, असं तिचं म्हणणं.

नामाजी पायरीवर सुपारी कातरत होता. समोर खुंट्याला कळमनुरीच्या बाजारातून आणलेली कुत्र्याची साखळी नुसतीच पडली होती.

"झुंडीनं, हे कशावरून म्हणतेत?"

"दगडात पावलं उमटलीत. मांस खाणाऱ्यांची, शेजारी शेजारी, एकाच दिशेला."

"मंग बराबर. संगंच असतील."

"तसं न्हाई ना! काही जाणकार म्हणतेत, एक सकाळी गेला असंल, दुसरा दुपारून. काठ एक, वाट एक. म्हणून काय सोबती झाले?"

नामाजीचा अडकित्ता थांबला.

परवा वैजनाथची पाच मेंढरं फाडलेली सापडली, तेव्हा माग काढायला लोकांनी त्यालाच नेलं होतं. चाळीस वर्षांत त्याचा माग कधी चुकला नव्हता. ओढ्याच्या चिखलात लांडग्यांची पावलं होती आणि त्यांच्या बाजूनं भुऱ्याची. भुऱ्या त्याचाच कुत्रा. सकाळी तोंड रक्तानं माखून घरी आलेला.

"काहून गप तुमी? घरचा हाये म्हून?" वैजनाथनं सगळ्यांदेखत टोचलं.

ते झोंबलं. "संगंच गेले," नामाजी म्हणाला. साखळी काढून त्यानं भुऱ्याच्या गळ्यात दोरी बांधली आणि ती वैजनाथच्या हाती दिली. भुऱ्या शेपूट हलवत गेला. परत आला नाही.

"मामा, कुठं निघालात? चहा?" सुनेनं विचारलं.

तो ओढ्यावर आला. लांडग्यांची पावलं बोटभर खोल, घसरलेली. भुऱ्याची वरवरची, चिखल आळल्यावर उमटलेली. एक तर लांडग्याच्या ठशाच्या आतच पडलेलं. भुऱ्या मागाहून आला होता. हुसकायला की मेलेल्याला तोंड लावायला, ते चिखल सांगत नव्हता.

वैजनाथ मेंढरं पाण्यावर घेऊन येत होता.

"वरल्या अंगानं ने."

"काहून?"

"माझा माग चुकला."

वैजनाथनं ठसे पाहिले. "आता काय उपेग, मामा?"

"उपेग न्हाई. पन लोकायला बोलाव. तवा समदे व्हते."

काठावरच्या मेंढरांच्या वाडग्याजवळ लेंड्यांचं घमेलं होतं. नामाजीनं ते रिकामं करून त्या ठशावर पालथं घातलं आणि लोक येईपर्यंत तिथंच, चिखलात, उकिडवा बसून राहिला.