बाईंच्या खोल्या

शाळेत त्याला नावाने कोणी ओळखत नसे. तो बाईंचे मिस्टर. मुलं म्हणायची, शिक्षक म्हणायचे, फाटकावरचे शिपाईमामा तर तोंड भरून म्हणायचे. थंडीच्या सुरुवातीला बाई गेल्या, तरी त्याचं नाव काही बदललं नाही. आणि आता थंडी सरत आली असताना शिपाईमामा अंगणातून हाक मारत होते, "अहो बाईंचे मिस्टर, आहात का घरात? नव्या बाई आल्यात, खोल्या बघायला!"

खोल्या शाळेच्या होत्या. शाळेच्या इमारतीला मागून चिकटलेल्या दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, पुढे जरासं अंगण आणि त्यात एक मोठं झाड. जो शिक्षक नोकरीवर आहे, त्याने राहायचं असा नियम. बाई गेल्यावर मुख्याध्यापिकांनी, म्हणजे शाळा ज्यांना मोठ्या बाई म्हणते त्यांनी, त्याला बोलावून घेतलं होतं. खुर्ची दिली, चहा दिला, चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग म्हणाल्या, "माझ्या हातात काही नाही हो. जागा भरली की खोल्या द्याव्या लागतील. नव्या बाईंनीच नको म्हटलं तर गोष्ट वेगळी. बाकी सगळ्यांची स्वतःची घरं आहेत. मग रिकाम्या ठेवून तरी काय करायच्यात? राहा तुम्ही आणि खारू."

खारू म्हणजे त्याची मुलगी. लहानपणी घास गिळायचा सोडून गालात साठवून ठेवायची, म्हणून आईने पाडलेलं नाव. आता सहावीत होती आणि घास गिळत होती, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

जायचं म्हटलं तर भावाकडे. दुसऱ्या शहरात, दुकानावरची एक खोली. भाऊ म्हणाला होता, ये. भावजय काहीच म्हणाली नव्हती. पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं काम कुठेही मिळालं असतं, प्रश्न तो नव्हता. प्रश्न असा होता की या दोन खोल्यांत त्याची बायको होती. भावाकडे नेली असती तर तिचा भिंतीवरचा फोटो झाला असता.

तरी खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. उलट सकाळपासून दोघांनी घर झाडून पुसून घेतलं होतं. खारू म्हणाली होती, "आईचं घर घाण दिसायला नको." खिडकीच्या काचा तिने जुन्या वर्तमानपत्राने अशा घासल्या की काच आहे की नाही कळू नये.

"जा, दूध घेऊन ये," तो तिला म्हणाला. "पाहुण्यांना चहा करू."

ती मागच्या दाराने गेली आणि पुढच्या दाराने पाहुणे आत आले. नव्या बाई तरुण होत्या, खांद्याला पिशवी, बोलायला मोकळ्या. मागे त्यांचे मिस्टर, कुठल्याशा कचेरीत कारकून. त्यांच्या खांद्यावर लोकरीची टोपी घातलेलं बाळ, नाक वाहणारं.

"बघा हं," शिपाईमामा नव्या मिस्टरांना म्हणाले, "आजपासून तुमचंही नाव गेलं. इथे फक्त बाईंचे मिस्टर चालतात. हे जुने, तुम्ही नवे."

नव्या बाई हसल्या आणि सरळ खिडकीपाशी गेल्या. "अय्या, किती छान ऊन येतं हो इथे! बाळाला इथेच तेल लावता येईल." असं म्हणून त्या खाली बसल्यासुद्धा, जागा कशी वाटते ते बघायला.

बरोबर तिथेच. रविवारी सकाळी बाई तिथे बसायच्या, पायावर रजई आणि पुढ्यात तपासायच्या पेपरांचा गठ्ठा. एका बाजूने तो रजईत पाय घालायचा, दुसऱ्या बाजूने खारू. ऊन सरकेल तसं तिघांनी रजईसकट सरकायचं, कोणी उठायचं नाही असा नियम. बाई मुलांची उत्तरं वाचून दाखवायच्या. "ऐका. प्रश्न, मासे पाण्यात का राहतात? उत्तर, कारण जमिनीवर मांजरी असतात." तो म्हणायचा, पूर्ण मार्क द्या त्याला. त्या म्हणायच्या, "तुम्ही गप्प बसा, बोलायचं असेल तर हात वर करा." मग तो रजईतून हात वर करायचा, गार हवा आत शिरायची आणि खारू किंचाळायची.

नव्या बाई अजून तिथेच बसल्या होत्या.

"ऊन आत्ता दिसतंय," तो म्हणाला. "खऱ्या थंडीत नसतं."

नव्या बाईंनी वर बघितलं. "नसतं?"

"झाड आडवं येतं."

हे खोटं होतं. खऱ्या थंडीत ऊन कलतं आणि पार पलंगापर्यंत आत येतं. पण शब्द तोंडातून गेला आणि त्याला दिसलं की नव्या मिस्टरांच्या कपाळाला आठी पडली. ती आठी बघून त्याला जे वाटलं, त्याला बरं वाटणं हाच शब्द आहे.

त्यानंतर त्याला अडवायला कोणी नव्हतं.

"ही भिंत वर्गाची का?" नव्या मिस्टरांनी विचारलं. तो म्हणाला, हो, आणि दिवसभर कालवा असतो, माणसाला डुलकी लागत नाही. कधी तो आजारी पडून घरी असला तर याच भिंतीतून बायकोचा आवाज यायचा. ती कविता शिकवायची आणि मधेच जरा जास्त जोरात एखादी ओळ म्हणायची. तो पलीकडून भिंतीवर एकदा टकटक करायचा. म्हणजे औषध घेतलं.

स्वयंपाकघर दाखवताना तो म्हणाला, "यात दोन माणसं उभी राहत नाहीत." हे खरं होतं. आत दोघं झाली की बाई त्याला खांद्याला धरून वळवायच्या, "आता श्वास घेऊ नका," म्हणायच्या आणि त्याच्या अंगावरून घासत पलीकडे जायच्या. त्याला दिवसभरात इतक्या वेळा तहान लागायची की त्या विचारायच्या, "काय हो, मोटारी दुरुस्त करता की उंटाच्या जातीचे आहात?"

"पाण्याला वेळ लागतो का?" नव्या बाईंनी विचारलं.

"येतं. पण नळ शीळ घालतो. कानाला त्रास."

अंगणात वाळलेल्या पानांचा सडा पडला होता. थंडी संपताना झाड एकदम पानं टाकायचं. मायलेकी ती झाडून ढीग करायच्या आणि मग दोघीच धावत येऊन त्यात बसायच्या, की पुन्हा सगळं अंगणभर. चाळिशीची बाई आणि सहावीतली मुलगी. "झाडून कंबर मोडते," तो म्हणाला. "आणि पानांखाली काय काय निघतं, लहान मूल असलं की धास्ती."

शिपाईमामा त्याच्याकडे बघत होते. इतकी वर्षं त्यांनी कधी त्याच्या तोंडून तक्रारीचा शब्द ऐकला नव्हता.

पण नव्या बाई काही बधेनात. "ते सगळं खरं हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पण शाळा दारात आहे. मधल्या सुट्टीत बाळाला येऊन बघता येईल. असं कुठे मिळणार? आवाजाची सवय होते. पानं काय, झाडू." त्यांचं ठरत आलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "विचारू नये खरं तर. पण बाईंना काय झालं होतं हो?"

बाईंच्या हृदयाची एक झडप जन्मापासून अधू होती. शाळेत त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं. "कळलं की मला पायऱ्यासुद्धा चढू देणार नाहीत," म्हणायच्या. "खेळाच्या तासाला खुर्ची देतील बसायला. नको बाई." थंडीच्या सुरुवातीला ताप आला, दवाखान्यात नेलं आणि तिथून बाई परत आल्याच नाहीत. शाळेला एवढंच माहीत होतं की बाई आजारी पडल्या आणि गेल्या.

बाळ खोकलं.

"ओल," तो म्हणाला. "भिंतींना ओल आहे. रंग दिला की दिसत नाही. तिच्या छातीत बसली."

नव्या मिस्टरांनी भिंतीला हात लावला. थंडीत कुठलीही भिंत जेवढी गार असते, तेवढी ती गार होती. त्यांनी हात काढला आणि बाळाची टोपी कानांवर ओढली.

"अगंबाई," नव्या बाई उठून उभ्या राहिल्या. "कसे काढले हो बाईंनी इथे दिवस?"

"काढले," तो म्हणाला. आणि एवढ्यावर थांबता आलं असतं, पण थांबला नाही. "रडायची कधी कधी."

मागच्या दारात खारू दुधाची पिशवी घेऊन उभी होती. कधीपासून, ते त्याने विचारलं नाही. पाहुणे चहाला थांबले नाहीत. खारूने दूध तापवलं, झाकून ठेवलं आणि अभ्यासाला बसली.

शिपाईमामांच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी नव्या बाईंनी खोल्या नको म्हणून कळवलं, आणि त्याचं कारण त्यांच्याआधीच शिक्षकांच्या खोलीत पोचलं होतं. तिथे मग एकेकीला आठवायला लागलं. बाई सारख्या शाल घेऊन बसायच्या, ते उगीच नाही. प्रार्थनेच्या वेळी एकदा किती खोकत होत्या. शाळा सुटली तरी रेंगाळायच्या, घरी जावंसं वाटत नसणार बिचारीला. शाळा सुटल्यावर बाई मागे राहिलेल्या मुलांची गणितं घ्यायच्या आणि खिडकीतून त्याला ओरडून सांगायच्या, भात टाका, ही दोन पोरं संपली की आले. हे त्याला माहीत होतं. पण त्याला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं नसतं.

शनिवारी मोठ्या बाई स्वतः आल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी येईनात.

"दर थंडीत मी विचारायचे," त्या म्हणाल्या, "बाई, खोल्या बऱ्या आहेत ना? तर म्हणायच्या, राजवाडा आहे. माझ्या तोंडावर हसत म्हणायच्या. आणि मला वेडीला ते खरं वाटायचं." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "तुम्ही तरी यायचं होतंत हो माझ्याकडे. का नाही आलात?"

तो खाली बघत राहिला. ज्या बाईंनी खरोखर राजवाडा म्हटलं होतं आणि तसं मानलंही होतं, त्यांना तो दारात उभं राहून खोटं पाडत होता. नुसता गप्प राहून.

"राहा तुम्ही," मोठ्या बाई म्हणाल्या. "हवं तेवढं राहा. कोण काढतं ते मी बघते. उन्हाळ्यात भिंती फोडून बघू कुठून येते ती ओल. पोरीला जपा."

म्हणजे त्याला हवं होतं ते मिळालं. दार लावून तो आत आला, तर खारू खिडकीपाशी उन्हात मटार सोलत बसली होती. तोही बसला आणि शेंगा घेतल्या. बराच वेळ दोघं सोलत राहिली.

"बाबा, सगळ्या बाई मला जवळ घेतायत."

"घेऊ दे."

"शिवणाच्या बाईंनी विचारलं, आई रात्री खोकायची का गं? मी म्हटलं, नाही. तर म्हणाल्या, तू लहान आहेस, तुला आठवत नसेल." तिने एक शेंग फोडली. "मी काही लहान नाहीये. मला सगळं आठवतं."

त्याने पुढची शेंग घेतली.

"आपल्याकडे ओल कुठे आहे, बाबा?"

"नाहीये."

"आणि आई रडायची?"

"नाही गं."

"मग?"

"खोल्या हव्या होत्या," तो म्हणाला. "नाहीतर काकाकडे जावं लागलं असतं."

खारूने भांड्यातले दाणे हाताने सारखे केले. तिला राग आला असता तर त्याला सोपं गेलं असतं. पण ती तिच्या आईची मुलगी, तिला पुढचा प्रश्न पडला होता. "मग परत कोणी विचारलं तर मी काय सांगायचं?"

"खोकायची म्हण."

"आणि रडायची का विचारलं तर?"

"कधी कधी, म्हण."

"आणि आम्ही पानांत बसायचो ते? पेपर वाचून हसायचो ते?"

"ते कोण विचारणार आहे?"

"पण विचारलं तर?"

ऊन सरकून त्याच्या गुडघ्यावरून गेलं होतं. त्याला सरकावंसं वाटलं नाही.

"तर म्हणायचं, आठवत नाही. नव्या बाईंना कळलं तर त्या परत मागतील खोल्या. कळतंय ना? नीट सांगता येईल?"

तिने मान हलवली.

"एकदा म्हणून दाखव," तो म्हणाला.

खारूने हातातली शेंग खाली ठेवली, पाठ ताठ केली आणि म्हणून दाखवलं.