चार इंची जोडी

"हे दोन घे, बाई. जोडीचेच आहेत," ईश्वरदास म्हणाला.

समोर ओसरीत रीता बसली होती. नागपूरच्या एका कॉलेजात जुन्या सिनेमायंत्रांचं छोटंसं संग्रहालय ती उभं करत होती. बंद पडलेल्या टॉकीजमधल्या पाच लेन्स तिने जुन्या साडीत गुंडाळून आणल्या होत्या. एकीवर 'चार इंच' एवढंच वाचता येत होतं, बाकीच्यांवरची अक्षरं घासून गेली होती. रविवारी दोन मशिनी लावून लोकांना रिळावरचा सिनेमा दाखवायचा होता. एका मशीनवरचं रीळ संपलं की दुसरी मशीन सुरू होते. दोन्ही लेन्स एकसारख्या नसतील तर पडद्यावरचं चित्र मध्येच फुगतं, नाहीतर आकसतं. गोंदियाच्या टॉकीजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर असलेला माणूस हे सांगू शकेल, असं कळल्यावर ती त्याच्या गावी, कामठ्याला आली होती.

"माप न घेता कळतं, काका?"

"एवढे वर्स हातात खेळवले. वजनावरून समजते. या चार इंचीची जोडीदार हेच."

यात अर्धं खरं होतं. नळीची जाडी, काचेची रुंदी त्याच्या बोटांना अजून पक्की कळत होती. पण काच किती अंतरावर चित्र धरते, म्हणजे लेन्स किती इंची आहे, हे बोटांना कळत नाही. ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

आणि डोळ्यांचंच तर भय होतं. दोन वर्षांपासून नजरेच्या कडा नाहीशा होत चालल्या होत्या. आधी ताटातली डावीकडची वाटी दिसेना. मग भर दिवसा बांधावरून तो खाली चिखलात पडला. "पाय घसरला," असं त्याने बायकोला, धुरपताबाईला सांगितलं. रोज सकाळी ती चूल पेटवायला गेली की तो एक डोळा झाकायचा आणि समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे टक लावून बसायचा. नजर न हलवता बाजूची दाराची चौकट दिसते का, हे बघायचा. गेल्या महिन्यापासून डाव्या डोळ्याला चौकट दिसत नव्हती. तरी रोज बघायचा.

त्याच्या वडिलांचं असंच झालं होतं. अकरा वर्षं ते गोठ्याशेजारच्या खोलीत खाटेवर बसून होते. एकदा त्यांच्या भातावर मुंग्या चढल्या होत्या आणि ते चाचपत घास तोंडात घालत होते. दहा वर्षांचा ईश्वरदास दारात उभा राहून ते बघत होता. त्याने ना ताट उचललं, ना कुणाला हाक मारली. ते ताट अजूनही त्याच्या स्वप्नात यायचं.

रीताने लेन्सवर चिठ्ठ्या चिकटवल्या. धुरपताबाईने चहा आणून ठेवला. ईश्वरदासने हात पुढे केला तो कपाच्या बाजूला पडला आणि चहा सांडला.

"ध्यान कोठे आहे तुमचं?"

धुरपताबाईने कप उचलला. रीता नमस्कार करून निघाली. तिची पावलं अंगणातून गाडीकडे जाताना त्याला ऐकू आली. आता गप्प बसलं की झालं. कुणाला काही कळणार नव्हतं. पण रविवारी भरल्या सभागृहात रीळ बदलेल, चित्र उडी मारेल, लोक हसतील, आणि ती पोरगी मशीनपाशी उभी राहून घामाघूम होईल. एकतीस वर्षांत त्याने चित्राला उडी मारू दिली नव्हती.

तो झटक्याने उठला. ओसरीचा खांब त्याच्या खांद्याला जोरात लागला.

"थांब, बाई! मी पाह्यलंच नाई. अंदाजानं सांगतलं." त्याने खांबाला धरलं. "मले बाजूचं दिसत नाई आता. दोन वर्स झाले."

रीता फाटकापाशीच थबकली. धुरपताबाई रिकामा कप हातात धरून उभी होती.

"म्हनून त्या दिसी बांधावरून पडले?"

"हव."

"अन् मले काऊन नाई सांगतलं?"

"बाबाले पाह्यलं होतं मी."

तिनेही त्यांना पाहिलं होतं. लग्नानंतर दोन वर्षं सासऱ्याला तिनेच भरवलं होतं. तिने कप खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि विचारलं, "मंग आता कसं पाह्यचं ते? मले सांगा."

खोलीची दारंखिडक्या लावल्या. शाळेजवळच्या पाण्याच्या टाकीकडची एक खिडकी तेवढी उघडी ठेवली. ईश्वरदासने चार इंची लेन्स खिडकीत धरली आणि धुरपताबाईने मागे पांढरा कागद.

"माघं सर. अजून. काय दिसते?"

"अवं माय! टाकी उलटी लटकून राहिली!"

"कडा साफ आहे का?"

"धुकट आहे... थांबा... आता झाली साफ. शिडीच्या पायऱ्या दिसून राहिल्या."

रीताने पट्टी लावली. कागदावरची टाकी बारा मिलिमीटर उंच होती. मग त्याने ठरवलेली जोडीदार लावली. पंधरा.

"चित्र जितकं मोठं, लेन्स तितकी लांब पल्ल्याची," तो हळू म्हणाला. "बाराले चार, तं पंधराले पाच. पाच इंची होय ते. चुकलो असतो मी."

उरलेल्या तीनही लेन्स लावून पाहिल्या. शेवटच्या, काळवंडलेल्या लेन्सने टाकी बरोबर बारा दाखवली. त्याने तिची समोरची काच अंगठ्याने मापली आणि रीताकडून पट्टीने खात्री करून घेतली. दोन इंच. "चार भागिले दोन. एफ-दोन. चिठ्ठीवर लिही. त्या पयल्या चार इंचीची काच बी तेवढीच आहे, म्हंजे पडद्यावर उजेड बी सारखाच." रीताने जुनी चिठ्ठी काढून नवी लावली.

दुसऱ्या दिवशी धुरपताबाई त्याला गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. काचबिंदू. "गेलेलं परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "उरलेलं थेंबांनी टिकेल, बहुतेक." तो 'बहुतेक' बसमध्ये, जेवताना, झोपताना त्याच्यासोबत राहिला.

रविवारी रीताचा फोन आला. चित्र जरासुद्धा हललं नव्हतं. तिने बोलावलं होतं, पण अनोळखी गर्दीत चालायच्या धास्तीने तो गेला नव्हता.

संध्याकाळी तो खाटेवर मान मागे टाकून बसला. धुरपताबाई समोर उभी राहून त्याच्यावर वाकली आणि दोन बोटांनी त्याची पापणी धरली.

"हालू नोका."

"तुया एका कानातलं दिसत नाई."

"कोनतं?"

"माया डाव्या अंगचं."

"बरं," ती म्हणाली आणि थेंब सोडला.