वरची धार

नाथाने चार्जरच्या पडद्यावर तळहात ठेवला आणि मागच्या सीटवर बसलेल्या आईकडे बघून उगाच हसला.

"हात काढ की," कडूबाई म्हणाली.

त्याने नाइलाजाने हात काढला. यंत्राने तेहतीस युनिट दिले होते, गाडी मात्र तीसच चढल्याचं दाखवत होती.

चारपैकी दोन म्हशी विकून आणि वर कर्ज काढून घेतलेल्या या विजेच्या गाडीत कडूबाई आज पहिल्यांदा बसली होती. तेही आष्टीला लेकीकडे जायचं म्हणून, आणि तेही मागे. चाळीस वर्षं तिने तेलगावात घरोघरी दूध मोजून घातलं होतं. माप मारणाऱ्या दुकानाची पायरी ती पुन्हा चढत नसे. आता म्हातारी इथंच उतरून एसटी धरणार आणि पुन्हा या गाडीत पाय ठेवणार नाही, अशी धास्ती नाथाला पडली.

"तीन युनिट कुठं गेले?" तो चार्जिंग स्टेशन सांभाळणाऱ्या मनिषावर खेकसला.

"म्या न्हाई खाल्ले, काका. आजी, तुमी या हिकडं."

कडूबाई उतरली. मनिषाने तिचा हात धरून गाडीच्या तोंडापाशी नेला. आत पंखा घुमत होता आणि बाहेर गरम वारा येत होता.

"घाईनं भरलं की ब्याटरी तापती. तिला गार ठिवायला पंखा बी त्याच विजेवर चालतो. तुमचे तीन युनिट हितं गेले. घरी लावली तरी थोडी वीज जातीच. पन घरची निम्म्यानं स्वस्त हाय. हितं घाईचे पैसे लागतेत."

नाथाने कपाळाला हात लावला. गिऱ्हाइकाला घरी धाडणारी ही पोरगी त्याला अगदीच खुळी वाटली.

पौषातली सकाळ होती. कडूबाई त्या वाऱ्यावर हात शेकत राहिली.

"मापाला चिकटतंच," शेवटी ती म्हणाली. "कितीबी निथळलं तरी थोडं दूध आत ऱ्हातं. म्हनून तर मी वरची धार घालायचे. तुजं मशीन घालतं का?"

"न्हाई बा," मनिषाला हसू आवरेना. "मशीन न्हाई घालत. मी खरं तेवढं सांगते."

"मंग झालं की."

कडूबाईने लेकीसाठी घेतलेली दुधाची किटली आणि आपलं जुनं माप गाडीतून काढलं. मनिषाच्या चहाच्या पातेल्यात तिने एक माप ओतलं आणि किटली तिरकी करून वरची धार सोडली, चांगली लांब. मनिषा "बास, बास" म्हणत राहिली. कडूबाईच्या चेहऱ्यावर आज कितीतरी दिवसांनी धंद्याचा आनंद होता.

नाथाने लगबगीने मागचं दार उघडलं. कडूबाई वळसा घालून पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"हिकडचं उघड. आन घरी ग्येल्यावर ती वायर कशी लावायची ते मला दाव. सांजच्याला धारा काढल्या की मीच लावत जाईन, सावकाश."