पट्ट्याचं दुसरं टोक

माझ्या नवऱ्याला उभं राहण्याचा भारी अभिमान. लोकांना घराचा असतो, गाडीचा असतो, याला नुसतं उभं राहण्याचा. आमची मुलगी भाला फेकते. फेकण्याआधी खांदा तापवायला रबरी पट्टा ओढायचा असतो आणि त्याचं एक टोक कुठेतरी पक्कं अडकवावं लागतं. मैदानाला लोखंडी जाळी आहे, बाकीच्या मुली जाळीला बांधतात. आमच्याकडे मात्र दुसरं टोक बाबाच्या हातात, असा कायदा.

कायदा झाला तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि इतकी बुटकी की जाळीचा आडवा गज तिच्या डोक्यावरून जायचा. तिला शिकवणारे सर म्हणाले, "अहो, जरा धरता का?" यानं जे धरलं ते धरलंच. आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण घरात नाव पडलं ठेंगू ते काही सुटलं नाही, आणि पट्टाही सुटला नाही.

हा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. दोर तपासल्याशिवाय त्यावर भार टाकायचा नाही, ही सवय हाडीमाशी खिळलेली. मैदानावर गेला की आधी पट्टा उजेडात धरायचा, बोटांनी चाचपत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि कुठे चीर दिसली की सरळ कचऱ्याच्या डब्यात. मग पाय रोवून उभा. ठेंगू कोपर कमरेला टेकवून पट्टा बाहेरच्या बाजूला ओढायची, मग दोन्ही हात मागे खेचायची, आणि शेवटी त्याच्याकडे पाठ करून, हात डोक्यावर नेऊन, भाला फेकल्यासारखी पुढे झेपावायची. सर म्हणायचे, हात पुढे न्यायला कुणीही शिकवेल, पण फेकल्यावर त्या हाताला आवरणारे स्नायू मागे झोपलेले असतात, त्यांना आधी उठवा. नाहीतर खांदा गेलाच म्हणून समजा.

त्या शेवटच्या ओढीला भलाभला माणूस पुढे खेचला जाईल. हा जागचा हलायचा नाही. घरी आला की जेवताना पहिलं वाक्य तेच, "आज ओढलं बघ तिनं! पण मी तसूभरही हललो नाही." मी म्हणायची, "घरातला कचरा खाली न्यायलाही हलत नाहीस, त्यात नवल काय?"

गेल्या वर्षी तो हलायला लागला.

पहिल्यांदा झालं तेव्हा त्यानं आनंदानं मैदान डोक्यावर घेतलं. "पोरीनं मला पाऊलभर ओढून नेलं!" सरांना सांगितलं, इतर मुलींच्या आयांना सांगितलं, आमच्या इमारतीतल्या पहारेकऱ्यालासुद्धा सोडलं नाही. ठेंगूला तर आभाळ ठेंगणं झालं. मीही हसले. पण मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना "आता दिसतंय का नीट?" विचारायचं आणि स्वतःच्या घरात बघायचं नाही, असं कसं होईल? त्याच्या हातून पाना निसटत होता. शर्टाचं वरचं बटण लावताना तो आरशाकडे पाठ करायचा. जिना चढताना फोन आल्याचं सोंग करून मधेच थांबायचा. मी त्याला ओढतच डॉक्टरकडे नेलं.

स्नायू झिजत जाण्याचा आजार निघाला. डॉक्टर बाई बोलायला फार चांगल्या होत्या, आणि डॉक्टर इतकं चांगलं बोलायला लागला की समजावं, बातमी वाईट आहे. बरं होणार नाही म्हणाल्या. एक औषध आहे, काहींना त्यानं झीज थांबते, काहींना काहीच फरक पडत नाही, घेऊन बघायचं. बाहेर पडल्यावर यानं पहिली गोष्ट कुठली केली असेल तर मला शपथ घातली.

"जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी होईपर्यंत ठेंगूला कळता कामा नये. तिचं लक्ष उडेल."

"आणि पट्टा?"

"पट्टा मीच धरणार."

त्याचा चेहरा असा झाला होता की मी हो म्हटलं.

औषध सुरू झालं ते तिची शाळेची परीक्षा संपली त्या आठवड्यात. आणि त्याच आठवड्यात एका दुपारी मी कपडे वाळत घालत असताना ठेंगू येऊन शेजारी उभी राहिली. चिमटे हातात देत राहिली. ही मुलगी न सांगता मदत करते तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं.

"आई, बाबाला काय झालंय?"

"काय होणार? वय झालं."

"मला सगळं पट्ट्यातून कळतं," ती म्हणाली. "माझी त्याच्याकडे पाठ असते ना, दिसत काही नाही, पण कळतं. आधी वाटलं माझीच ताकद वाढली. म्हणून काल मुद्दाम लहान मुलींचा पिवळा पट्टा घेतला, अगदी हलका. तरी तो पुढे आला. मागे वळून बघितलं तर हसत होता आणि त्याचे गुडघे थरथरत होते."

माझ्या हातात ओली चादर होती. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि रडू आलं. मग सगळं सांगितलं. शपथ मोडली म्हणा, पण तिला आधीच ठाऊक होतं ते सांगण्यात मोडायचं काय उरतं? ती जराही रडली नाही. चादरीचं दुसरं टोक धरून झटकली, दोरीवर टाकली आणि म्हणाली, "मला कळलंय हे त्याला कळू द्यायचं नाही. तुला माझी शपथ."

झालं. इकडे आड, तिकडे विहीर. बाप मला शपथ घालतो लेकीला सांगू नकोस, लेक मला शपथ घालते बापाला सांगू नकोस, आणि दोघं संध्याकाळी हसत हसत मैदानावर जातात.

थोड्याच दिवसांनी एका रात्री जेवताना त्यानं घास खाली ठेवला. ठेंगू आत अभ्यासाला बसली होती. माझ्याकडे झुकून तो हळूच म्हणाला, "एक सांगू? हा आठवडाभर मी हललो नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? ती ओढते आणि मी उभा. पूर्वीसारखा. औषध लागू पडतंय गं!"

त्याचे डोळे असे चमकत होते, लग्नानंतर मी ते तसे कधी पाहिले नव्हते. मला कळायचं ते कळलं. दुसऱ्या दिवशी दुकानातून लवकर सुटून मी मैदानावर गेले. पट्टा पुरता ताणला की त्याचा लाल रंग फिका पडतो, हे आता मलाही माहीत होतं. ठेंगू दात आवळत होती, मानेच्या शिरा फुगवत होती, कण्हत होती, आणि पट्टा आपला गडद लालच्या लाल. नाटक पाहावं तर असं. मागे हा पाय रोवून, छाती काढून उभा.

घरी आल्यावर मी तिला न्हाणीघराच्या दाराशी गाठलं. "अगं, तुझा खांदा?"

"मी नंतर करते ना. बाबा पाणी प्यायला गेला की जाळीला बांधून पटकन करून घेते."

करतही होती. बाकीच्या दिवशी जमत होतं ते.

चाचणीच्या दिवशी सकाळी वारा होता आणि गारठा होता. मैदानावर दुसऱ्या गावांहून आलेल्या मुली, त्यांचे आईबाप, पिशव्या, थर्मास. सरांनी ठेंगूचा पट्टा हातात घेतला आणि म्हणाले, "आज गर्दी आहे, जाळीलाच बांधू या."

"मी आहे ना," हा म्हणाला.

मी म्हटलं, "अरे, बांधू देत ना जाळीला. तुझ्या अंगात स्वेटर आहे, मफलर आहे, त्या अवतारात कुठे पाय रोवतोस?" त्याहून जास्त मला बोलता येत नव्हतं. दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. डोळे अगदी सारखे, बापलेकीचे.

"बाबाच धरणार," ठेंगू म्हणाली.

त्यानं पट्टा उजेडात धरला, चाचपला, खूश झाला. ती वळली. कण्हली, झेपावली, दात आवळले. पट्टा गडद लाल. हा खांबासारखा उभा. आणि मग तो पाणी प्यायला गेलाच नाही. आजचा दिवस होता, लेकीला सोडून कुठे जाणार? तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, तिचं नाव पुकारेपर्यंत. ती जाळीकडे बघत होती. दोनदा बघितलं तिनं. मग नाव पुकारलं.

पहिली फेक जवळच पडली. दुसरी त्याहून थोडी पुढे. तिसऱ्या वेळी ती जीव तोडून धावली, मला तिच्या धावण्यातूनच कळलं की ही आता कशाचीही पर्वा करणार नाही. हात पुढे गेला आणि भाला निसटून आडवा पडला. ती गवतावर गुडघ्यांवर बसली, उजवा दंड डाव्या हातानं धरून. ओरडलीसुद्धा नाही. मी कठडा ओलांडून कशी गेले मला आठवत नाही.

तिला तंबूत नेलं, खांद्यावर बर्फ ठेवला. तिथल्या नर्सनं आम्हा दोघांना जरा बाहेर थांबायला सांगितलं. सर आले. चिडले होते, पण त्याहून जास्त हादरले होते.

"थंड खांद्यानं फेकलंय तिनं," सर म्हणाले. "वॉर्म-अप पूर्ण झाला होता ना?"

"अगदी पूर्ण!" हा म्हणाला. "मी स्वतः धरला होता. एवढं ओढलं तिनं, पण मी तसूभरही हललो नाही."

सरांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. "हे कसं काय?" ते म्हणाले. "परीक्षेच्या आधी तर पाऊलभर ओढून नेते म्हणून तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात. तेव्हापासून तिची ताकद वाढलीय, कमी नाही झाली. पूर्ण ओढलं असतं तर आज तुम्ही हलायला हवे होतात."

सर आत गेले. यानं पट्टा खिशातून काढला, हातावर गुंडाळला, परत सोडला. आयुष्यभर दोरांवर भार मोजत आलेला माणूस. त्याला हिशेब लागायला वेळ लागला नाही.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

मी तंबूच्या दाराकडे बघितलं.

"परीक्षा संपल्यापासून ना?"

मी मान हलवली.

"म्हणजे औषधानं काहीच झालं नाही," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात. मग तंबूच्या दोरीला धरून हळूहळू खाली बसला. मी शेजारी बसले. मला त्याला जवळ घ्यायचं होतं, पण लोक होते, आणि मी नुसता त्याचा गुडघा धरून राहिले. मला त्याचा राग आला होता, तिचा आला होता, त्या चांगल्या बोलणाऱ्या डॉक्टर बाईचासुद्धा.

"तिला सांगू नकोस," तो म्हणाला, "मला कळलंय ते."

"आता तिसरी शपथ नको रे मला," मी म्हटलं. "माझ्यात जागा नाही."

खांद्याचा स्नायू फाटला होता. शस्त्रक्रिया, मग कित्येक महिने विश्रांती, आणि पुढे फेकता येईल की नाही हे आत्ता सांगता येत नाही असं हाडांचे डॉक्टर म्हणाले. निवड तर गेलीच. रात्री हात गळ्यात बांधून ठेंगू पलंगावर उशांना टेकून बसली होती. हा आत गेला. मी दारात उभी राहिले. त्यानं खुर्ची ओढली, तीही त्याला दोन्ही हातांनी ओढावी लागली.

"ठेंगू, तुला एक सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. "चाचणी झाल्यावर सांगणार होतो. मला एक आजार आहे. स्नायूंचा. घाबरण्यासारखं काही नाही, औषध चालू आहे."

तिनं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे डोळे मोठे केले. "खूप आहे का, बाबा?"

"मध्ये जरा जास्त होता. आता औषध लागू पडलंय," तो म्हणाला. "तुझ्यापासून काय लपवायचं? तूच बघितलंस की आज. एवढं ओढलंस, मी हललो का?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "जरासुद्धा नाही."

आणि तिला रडू फुटलं. आतापर्यंत दिवसभरात ती रडली नव्हती. यानं तिचे केस मागे सारले.

"खांदा दुखतोय का?"

"हो," ती म्हणाली.